आजगेकर सरांचं मनोगत

पुस्तक कागदात गुंडाळलेलं नसेल तर साहेब प्रकाशन करणार नाहीत, असा निरोप घेऊन साहेबांचे पीए सकाळीच इम्तियाजच्या दुकानात येऊन बसले होते.

मी त्यांना समजावून सांगितलं की हे ई-बुक आहे. ते टॅबवर उघडतं. ते गुंडाळता येत नाही, कारण ते मुळात नाहीच. म्हणजे आहे, पण हातात येत नाही. पीएंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मग साहेब स्टेजवर सोडणार काय? प्रकाशन म्हणजे फीत सोडायची, कागद काढायचा, पुस्तक छातीशी धरून मुखपृष्ठ फोटोग्राफरकडं करायचं, आणि शेजारच्या सगळ्यांनी आपापली प्रत तशीच धरायची. साहेबांनी आजवर केलेली सगळी प्रकाशनं अशीच झाली होती आणि त्यातलं एकही पुस्तक वाचायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"टॅब गुंडाळू," इम्तियाज म्हणाला.

इम्तियाज मुजावरचं गडहिंग्लजला फ्लेक्स छपाईचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत माझा धंदा. बाहेर पाटी होती, 'जुन्या पुस्तकांचे ई-बुक करून मिळेल', आणि लोक वर येऊन सातबारा मिळेल का म्हणून विचारायचे. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्या काळात माझं खरं म्हणावं असं गिऱ्हाईक एकच होतं, आणि त्याच्याच पुस्तकाचं संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात प्रकाशन होतं.

पीएंना टॅबची कल्पना पटली, पण टॅब त्यांना फार बारीक वाटला. एवढं पातळ पुस्तक साहेबांच्या हातात शोभणार नाही, लोकांना वाटेल पंचांग आहे. शेवटी इम्तियाजनं पलीकडच्या स्वीट मार्टमधून पेढ्यांचे रिकामे खोके आणले. प्रत्येक खोक्यात थर्माकोल, त्यावर टॅब, वर झाकण, त्याला सोनेरी कागद आणि लाल फीत. स्टेजवर पाच माणसं, म्हणून पाच खोके. पीएंनी एक हातात घेऊन तोललं, आता ग्रंथ वाटतो म्हणाले आणि गेले.

आजगेकर सर चित्रकलेचे शिक्षक. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. आमच्या गावातल्या कुठल्याही समारंभाला स्टेजच्या मागं जो फळा असायचा, त्यावरची रंगीत खडूंची अक्षरं सरांची असायची. 'सुस्वागतम' त्यांचं, फुलांची वेलबुट्टी त्यांची, प्रमुख पाहुण्यांचं नाव त्यांचं. त्यांचं स्वतःचं नाव फळ्यावर कधी आलं नाही आणि माईक तर हातात आलाच नाही. पाहुणे यायच्या आत हात धुऊन सर मागच्या रांगेत जाऊन बसायचे. नोकरीभर हेच. ते माझ्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा पुस्तकाच्या आधी त्यांनी समारंभाचंच बोलणं काढलं.

"प्रकाशन करायचं. सभागृह घेऊन, रीतसर. आणि लेखकाचं मनोगत असतंय न्हवं, ते मी करणार. माईकवर, माझ्या आवाजात."

पुस्तक होतं आजरा-चंदगडकडच्या रानातल्या पक्ष्यांवर. चित्रं त्यांनीच काढलेली, मजकूर त्यांचाच, आणि चित्रावर बोट ठेवलं की त्या पक्ष्याचा आवाज यायला हवा होता. आवाजही ते स्वतःच काढणार होते. सरांना सगळ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला यायच्या. मी सुचवून बघितलं की खऱ्या पक्ष्यांची रेकॉर्डिंग मिळतात, ती वापरू.

"पक्ष्यांचा आवाज पक्ष्यांकडं आहे," सर म्हणाले. "तो कुठं चाललाय?"

तेव्हा मला कळलं की सरांचा चाललाय. घशात गाठ होती. बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील, आवाज जाईल. सरांनी हे मला अशा पद्धतीनं सांगितलं की जणू घराचं छप्पर शाकारायचंय आणि चार दिवस शेजारी राहायला जावं लागणार आहे.

मग आम्ही वरच्या खोलीच्या भिंतींना गाद्या बांधल्या आणि सर रोज येऊन एकेक पक्षी काढून जाऊ लागले. खाली इम्तियाजकडं वाढदिवसाचे फ्लेक्स करायला आलेले कार्यकर्ते वर बघत बसायचे. एकदा सरांनी मोर काढला आणि खालच्या एका पुढाऱ्यानं आपल्या फ्लेक्सवर मोर टाकून घेतला. सरांचा घसा दर दिवशी थोडा कमी व्हायचा. मी म्हणायचो, सर, मनोगत आत्ताच रेकॉर्ड करून ठेवू. ते म्हणायचे, भाषण काय कधीही करता येतं, आधी पक्षी उरकू. पक्षी उरकले आणि डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख अलीकडं ओढली. मनोगत राहिलं.

याचा राग सरांपेक्षा काकूंना जास्त होता. शांताक्का आजगेकर, सरांच्या पत्नी. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा सर झोपले होते आणि काकू खिडकीत मोसंबी सोलत होत्या.

"होता तेवढा आवाज पाखरांवर घातला," त्या म्हणाल्या. "घरात काय ठेवलं? एक हाक ठेवली न्हाई."

मी सांगितलं की पुस्तक छान झालंय. त्यांनी माझ्या हातावर मोसंबीची फोड ठेवली आणि तो विषय संपला.

घरी आल्यावर मात्र निराळंच सुरू झालं. सरांना लिहून दाखवायचा कंटाळा होता, आणि काकूंना चष्मा शोधायचा. टॅब कायम उशाशी. एक दिवस सरांनी चहा हवा म्हणून तांबट वाजवला. तांबटाचा आवाज टुक टुक असा भांडं ठोकल्यासारखा येतो, त्यामुळं काकूंना तो पटकन कळला. तिथून पुढं पक्षी वाढत गेले. दयाळ म्हणजे आंघोळीचं पाणी, सातभाई म्हणजे टीव्ही बंद कर, टिटवी म्हणजे हे पाहुणे कधी उठणार. मी एकदा दारात उभा असताना आतून टिटवी ऐकली आहे. काकूही उलट उत्तर द्यायच्या, मराठीत. भांडणंसुद्धा व्हायची. सरांनी मोर लावून आवाज मोठा केला की काकू स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. सर माझ्याकडं तक्रार घेऊन आले, पाटीवर लिहून, की चहा आणि साखर यांच्यात फार पानं आहेत. मी त्यांना पक्ष्यांची अनुक्रमणिका गरजेप्रमाणं लावून दिली. पक्षिशास्त्रात असं वर्गीकरण दुसरीकडं कुठं नसावं.

आणि एक दिवस दोघांनी मिळून मला मनोगताची योजना सांगितली. सर माईकपुढं उभे राहणार, पक्षी वाजवत जाणार, आणि काकू दुसऱ्या माईकवरून ते मराठीत सांगणार. समारंभासाठी नवे अर्थ ठरले होते. भारद्वाज म्हणजे उपस्थित मान्यवर. पिंगळा म्हणजे आभार. घरी रोज तालीम चालली होती.

"मी मनाचं काही घालणार न्हाई," काकूंनी बजावलं. "ह्यांनी वाजवलं तेवढंच सांगणार. नाहीतर म्हणतील, तूच भाषण ठोकलंस."

आता तांत्रिक बाजू. ई-बुक सगळीकडं सारखं उघडत नाही. एका टॅबसाठी केलेली फाईल दुसऱ्यावर चालवायची तर ती त्याच्या जातीत बदलून घ्यावी लागते, आणि बदलताना काहीतरी गळतं. सरांच्या टॅबवर पुस्तक अगदी नीट होतं. बाकीचे चार टॅब मागून आणलेले, नाना कंपन्यांचे. एकावर चित्रं गेली आणि नुसता मजकूर राहिला. एकावर चित्रं काळी-पांढरी झाली आणि आवाज गेला. एकावर फक्त मुखपृष्ठ उघडायचं, पण ते सुंदर दिसायचं. चौथ्यावर सगळं होतं, चित्रं, रंग, आवाज. फक्त बदलताना प्रोग्रॅमनं चित्रं पानांच्या क्रमानं लावली आणि आवाज अकारविल्हे. त्यामुळं घुबडावर बोट ठेवलं की बुलबुल बोलायचा. मी म्हटलं, असू दे, स्टेजवर कोण बोट ठेवतंय. मुखपृष्ठ दाखवायचं आणि खाली ठेवायचं.

फक्त सरांच्या हातात सरांचा टॅब यायला हवा होता. मी इम्तियाजला विचारलं, सरांचा खोका कुठला? इम्तियाजनं टेबलावरच्या पाच सोनेरी खोक्यांकडं बघितलं. काम त्यानं फार सफाईनं केलं होतं.

"हातात घेऊन बघ, वजनावरून कळंल," तो म्हणाला.

थर्माकोलमुळं सगळ्यांचं वजन सारखंच लागत होतं. उघडून बघावं तर फिती संपल्या होत्या आणि सभागृहातून बोलावणं आलं होतं. इम्तियाज म्हणाला, उघडल्यावर स्टेजवरच अदलाबदल करू, हाय काय त्यात.

सभागृह भरलं होतं. मागच्या फळ्यावर या वेळी सरांचं नाव होतं. अक्षरं अर्थात सरांचीच, दुपारी येऊन काढलेली. स्टेजवर साहेब, वाचनालयाचे अध्यक्ष, सरांच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक मगदूम गुरुजी, स्वतः सर आणि काकू. सरांनी गळ्याला उपरणं गुंडाळलं होतं. निवेदक आमच्याकडचे प्रसिद्ध होते, बारशापासून शोकसभेपर्यंत सगळं एकाच आवाजात करायचे. साहेबांना पुढं आजऱ्याला कार्यक्रम असल्यानं क्रम बदलल्याचं त्यांनी जाहीर केलं. आधी प्रकाशन, लगेच साहेबांचं भाषण, मग गुरुजी, आणि शेवटी सरांचं मनोगत.

फिती सुटल्या. कागद फाटले. पाच जणांनी पाच पेढ्यांचे खोके उघडले आणि टॅब छातीशी धरले. मी स्टेजच्या कडेला उभा राहून सरांचा टॅब शोधत होतो. त्याच्या कोपऱ्याला पिवळा रंग लागलेला होता, हळद्याचं चित्र रंगवतानाचा. पिवळा कोपरा साहेबांच्या छातीवर होता.

फोटो झाले. साहेब बोलले. विषय पक्षी असल्यानं ते पक्षांतराबद्दल काही बोलले नाहीत, याची नंतर बरीच चर्चा झाली. मग ते उठले, हार काढून खुर्चीवर ठेवला आणि टॅब पीएंच्या हातात दिला. मी जिन्यात पीएंना गाठलं. म्हटलं, अहो, ते पुस्तक सरांचं आहे.

"पुस्तक लेखकाचंच असतंय हो," पीए समजुतीनं म्हणाले. "ही आमची सप्रेम भेट."

गाडी गेली. इम्तियाज मोटरसायकलवरून तिच्या मागं गेला. फाईल पुन्हा पाठवावी तर तिथं फोनवर नेट मिळत नव्हतं. मी परत आत आलो. टेबलावर कुणाचा टॅब कुठला ते बघितलं. गुरुजींपुढं नुसत्या मजकुराचा, अध्यक्षांपुढं काळा-पांढरा. काकूंपुढं मुखपृष्ठ. म्हणजे सरांकडं तो चौथा.

मगदूम गुरुजी बोलायला उभे होते. शाळेच्या जडणघडणीत आजगेकरांच्या फळ्याचा वाटा मोठा आहे, असं ते सांगत होते. मी वाकून सरांच्या कानात सांगितलं की तुमचा टॅब साहेबांबरोबर गेला, ह्याच्यात पक्षी उलटसुलट आहेत, मनोगत राहू दे, मी निवेदकांना सांगतो. सरांनी माझ्याकडं बघितलं. बोलता आलं असतं तर ते काय म्हणाले असते मला माहीत नाही. त्यांनी माझा हात खांद्यावरून काढून ठेवला आणि उपरणं नीट केलं. बऱ्याच वेळानं गुरुजींचं संपलं आणि निवेदकांनी नाव घेतलं.

सर माईकपुढं गेले. काकू दुसऱ्या माईकपुढं, जरा लांब. टॅबचा पडदा त्यांना दिसत नव्हता. निवेदकांनी सांगितलं की सर पक्ष्यांच्या भाषेत बोलतील, वहिनी आपल्याला ते मराठीत सांगतील, कृपया शांतता राखा.

सरांनी भारद्वाजाचं चित्र उघडलं आणि त्यावर बोट ठेवलं. टुक, टुक, टुक.

काकू थांबल्या. त्यांनी सरांकडं बघितलं. सर मान ताठ ठेवून सभेकडं बघत होते. काकूंनी माईक जवळ घेतला.

"सर म्हणतात, चहा ठेव."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. वाचनालयाच्या शिपायाला वाटलं आपल्याला सांगितलं, तो उठून बाहेर गेला. सरांनी पडद्याकडं बघितलं, पान उलटलं आणि पिंगळ्यावर बोट ठेवलं. टिटवी ओरडली.

मला वाटलं काकू आता तरी ठरलेलं बोलतील. आभार म्हणायला काय लागतं. पण त्यांनी शब्द दिला होता.

"सर म्हणतात, हे पाहुणे कधी उठणार."

मगदूम गुरुजींनी शाल सारखी केली. सभागृह मोकळेपणानं हसायला लागलं. सर पानं उलटत सुटले. आधी मला वाटलं ते गोंधळलेत. मग दिसलं की ते शोधतायत. चित्राकडं बघतच नव्हते, बोट ठेवायचे, आवाज ऐकायचे, पुढं जायचे. आणि प्रत्येक आवाजामागून काकूंचा आवाज, कसलाही चढउतार नसलेला. पंखा लाव. पंखा बंद कर. भाजीत मीठ न्हाई. तुझ्या भावाला फोन करू नको. आंघोळीचं पाणी. लोक डोळे पुसत होते. आजगेकरांचा अख्खा संसार गडहिंग्लजपुढं मांडून झाला आणि त्यात कुणाला काही नवीन सापडलं नाही, सगळ्यांच्या घरात हेच चाललं होतं. अध्यक्षांनी हसता हसता टेबलाला धरलं. मोर आला तेव्हा काकू म्हणाल्या, "हे भांडण आहे, हे सांगत न्हाई," आणि टाळ्या पडल्या.

माझ्या खिशात फोन थरथरला. बाहेर जाऊन घेतला, तर इम्तियाज आजऱ्याहून. साहेबांनी तिथल्या कुस्तीच्या मैदानात पहिल्या आलेल्या पैलवानाला टॅब बक्षीस देऊन टाकला होता आणि पैलवान तो परत करायला तयार नव्हता, त्याला घुबड फार आवडलं होतं. मी त्याला सांगितलं, ये परत.

मी आत आलो तेव्हा हसणं ओसरत चाललं होतं. सर अजून पानं उलटत होते. कपाळावर घाम. त्यांना काय हवंय ते कुणालाच कळत नव्हतं, आणि सभेला आता घरी जायची घाई दिसत होती. निवेदक घड्याळ बघून पुढं झाले आणि त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. सरांनी तो खांद्यानंच झटकला. आयुष्यात पहिल्यांदा माईक मिळालेला माणूस तो एवढ्यात सोडणार नव्हता.

मग एका पानावर ते थांबले. चित्र गिधाडाचं होतं. आवाज आला तो होल्याचा, रानातल्या कबुतराचा. अगदी हलका, घशाच्या आतला, घुमून थांबणारा. रेकॉर्डिंग संपायच्या सुमाराचा असणार, कारण त्यात सरांचा श्वास पण ऐकू येत होता. माईकमधून तो सगळ्या सभागृहात गेला, मागच्या रांगेपर्यंत.

काकूंनी माईक जवळ घेतला आणि पुन्हा लांब केला.

सरांनी पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा तोच आवाज. ते आता सभेकडं बघत नव्हते. अंग वळवून काकूंकडं बघत होते आणि टॅब माईकला चिकटवून धरला होता.

काकूंनी पदराचं टोक हातात घेतलं आणि सोडलं. सभागृहातल्या खुर्च्यांचा आवाज थांबला. कुणाला काय ऐकायचं होतं कोण जाणे, पण सगळे वाट बघत होते. निवेदकांना शांतता सोसत नसे. ते काकूंच्या माईकपाशी गेले.

"वहिनी, सर काय म्हणाले?"

"ते घरचं आहे," काकू म्हणाल्या.

"पण मनोगत आहे, वहिनी. अनुवाद झाला पाहिजे. सभागृह वाट बघतंय."

काकूंनी माईक त्यांच्या हातात दिला आणि सरांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"बघू दे की," त्या म्हणाल्या.